दुहेरीचा डाव आणि श्रमाची वाटणी



कार्यक्रमपत्रिकेवर माझे नाव आणि त्याखाली टेनिसचा विषय पाहून आपणांपैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. हमालांच्या आणि जिनिंग-प्रेसिंगमधील मजुरांच्या संघटनेत तीस वर्षे घालविलेल्या माणसाने बोलायचे ते मजुरीच्या दराविषयी, बोनसविषयी, फार तर संपाविषयी. शिवाय माझे शाळेतले शिक्षण नववीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते वाचनालयाच्या बाकावर आणि कामगार न्यायालयाच्या ओसरीवर तारखेची वाट पाहताना. टेनिसची रॅकेट मी आयुष्यात एकदाही हातात धरलेली नाही. तरीही हा विषय मी आपण होऊन मागून घेतला. का, ते शेवटपर्यंत ऐकल्यावर आपल्याला कळेल अशी आशा आहे.

२०१९ च्या जानेवारीत, पहिल्याच आठवड्यात, हमालांच्या एका बैठकीसाठी मी पुण्यास गेलो होतो. बैठक आटोपल्यावर तिथला एक सहकारी मला बालेवाडीला घेऊन गेला. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभारलेल्या त्या संकुलात महाराष्ट्र ओपन ही व्यावसायिक टेनिस स्पर्धा चालू होती. आम्ही पाहिला तो पुरुष दुहेरीचा अंतिम सामना. एका बाजूला कूर्गचा रोहन बोपण्णा आणि दिल्लीचा दिविज शरण. दुसऱ्या बाजूला ल्यूक बॅम्ब्रिज आणि जॉनी ओमारा हे दोन ब्रिटिश तरुण. आपल्या जोडीने ६-३, ६-४ असा सामना जिंकला आणि लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

माझे लक्ष मात्र चेंडूकडे फारसे नव्हते. ते होते दोघांच्या मधल्या जागेकडे. प्रत्येक गुणापूर्वी दोघे जवळ येत, तोंडाशी चेंडू धरून दोन शब्द बोलत. मग जाळ्यापाशी उभा राहणारा पाठीमागे हात नेऊन बोटांनी खूण करी, आणि मागचा ती पाहून सर्व्हिस करी. चेंडू मधून आला तर तो कोणाचा, याचा निर्णय डोळ्याची पापणी लवायच्या आत होई. हे पाहताना मला आपल्या बाजार समितीचे आवार आठवले. तिसऱ्याच्या पाठीवर पोते द्यायला दोन माणसे लागतात. दोघांचा जोर एकाच क्षणी लागला पाहिजे. एकाचा आधी आणि दुसऱ्याचा मागून लागला, की तिसऱ्याची कंबर गेलीच म्हणून समजा. जोडी जमणे म्हणजे काय, हे हमालाला कोणी शिकवावे लागत नाही.

त्या दिवशी मनात आलेल्या एका प्रश्नाने मला टेनिसच्या इतिहासात ओढले. हा प्रश्न आमच्या धंद्यात रोजचा आहे: या दोघांना मजुरी कोण देतो, ती कशी ठरते, आणि ती ठरविताना त्यांचे कोणी ऐकते काय?

इतिहास थोडक्यात सांगतो. लॉन टेनिस हा खेळ इंग्लंडात जन्मला. मेजर विंगफील्ड याने त्याचे पेटंट १८७४ साली घेतले. विम्बल्डनची पहिली स्पर्धा १८७७ ची, आणि तेथे पुरुष दुहेरीचे सामने सुरू झाले १८८४ साली. हे साल मला पाठ आहे, कारण त्याच वर्षी नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरवून सरकारकडे निवेदन पाठविले. तिकडे सधन माणसे हिरवळीवर जोडीने खेळू लागली आणि इकडे उपाशी माणसे जोडीने मागणे मागू लागली. योगायोगच आहे, पण लक्षात राहतो.

त्या काळच्या खेळात हौशी आणि धंदेवाईक असा भेद मोठ्या कसोशीने पाळला जाई. खेळून पैसा घेणारा तो हलका, न घेणारा तो सभ्य. टेनिसच्या शेजारी, नौकानयनात, हा भेद कोणत्या थराला गेला होता ते पाहा. हेन्ली येथील प्रसिद्ध नौकास्पर्धेच्या चालकांनी १८७९ साली हौशी खेळाडूची व्याख्या केली आणि त्यात कारागीर व मजुरी करणारा माणूस बसणारच नाही अशी तजवीज केली. हाताने कष्ट करणाऱ्याचे अंग कामाने कमावलेले असते, म्हणून त्याला स्पर्धेत घेणे अन्यायाचे, असे त्याचे समर्थन होते! हे कलम १९३७ पर्यंत टिकले. टेनिसमध्ये असे उघड कलम नव्हते, परंतु फळ तेच. ज्याच्या घरी खायला आहे त्यानेच खेळावे. ज्याच्या घरी नाही त्याने एक तर खेळ सोडावा, नाही तर प्रवासखर्चाच्या नावाखाली टेबलाखालून पैसे घ्यावेत. उघडपणे पैसे घेणाऱ्या धंदेवाईकांना विम्बल्डनसारख्या स्पर्धांची दारे बंद होती. ती दारे १९६८ साली उघडली. त्या वर्षी विम्बल्डनच्या विजेत्या रॉड लेव्हरला २,००० पौंड मिळाले आणि महिलांत विजयी झालेल्या बिली जीन किंगला ७५०.

मजुरी उघड झाली, की संघटना फार दूर नसते. १९७२ साली खेळाडूंनी आपली संघटना काढली. तिचे इंग्रजी आद्याक्षरांचे नाव एटीपी. पुढच्याच वर्षी तिची परीक्षा झाली, आणि त्या परीक्षेचे मूळ होते पुरुष दुहेरीच्या एका व्यावसायिक स्पर्धेत. युगोस्लाव्हियाचा निकी पिलिच आणि ऑस्ट्रेलियाचा ॲलन स्टोन ही जोडी माँट्रियल येथे व्हावयाच्या दुहेरीच्या स्पर्धेस पात्र ठरली. त्याच सुमारास पिलिचच्या देशाचा डेव्हिस कपचा सामना होता. पिलिच दुहेरी खेळावयास गेला. त्याच्या देशातील टेनिस महासंघाने त्याला नऊ महिन्यांसाठी बंदी घातली. आंतरराष्ट्रीय महासंघाने ती कमी करून एक महिन्यावर आणली, पण तो महिना नेमका असा की विम्बल्डन त्यात सापडावे. संघटनेने न्यायालयात दाद मागितली. ती मिळाली नाही. तेव्हा ८१ खेळाडूंनी विम्बल्डनमधून आपली नावे काढून घेतली. मानांकित १६ पैकी १३ जण बाहेर राहिले.

मंडळी, एका माणसासाठी ८१ माणसे पोट बांधून बाहेर उभी राहिली. पिलिच काही त्यांच्यातला सर्वांत मोठा खेळाडू नव्हता. आपल्यातल्या मोठ्या माणसासाठी कोणीही उभा राहतो. मधल्या माणसासाठी बाकीचे उभे राहतात तेव्हा ती संघटना झाली असे मी समजतो. फुटीर निघाले नाहीत असे नाही. रुमानियाचा इली नास्तासे आणि इंग्लंडचा रॉजर टेलर खेळले. प्रेक्षकही आले, मैदान ओस पडले नाही. पण खेळाडूने कोठे खेळावे हे यापुढे महासंघ एकट्याने ठरविणार नाही, हे त्या पंधरवड्यात कायमचे ठरून गेले.

आता याची दुसरी बाजू. १९९० पासून त्या संघटनेचे रूप पालटले. खेळाडू आणि स्पर्धांचे चालक यांनी मिळून सबंध दौरा चालवायचा, कारभारी मंडळावर दोघांचे प्रतिनिधी सारखे, अशी व्यवस्था झाली. ऐकावयास फार गोड. कामगाराला कारभारात वाटा मिळाला! पण मी तीस वर्षे वाटाघाटीच्या टेबलाच्या एकाच बाजूला बसत आलो आहे, आणि माझा अनुभव असा, की दोन्ही बाजूंच्या खुर्च्यांवर एकच मंडळ बसले, की सर्वांत मागे उभ्या असलेल्याचा आवाज त्या टेबलापर्यंत येईनासा होतो. टेनिसमध्ये मागे कोण उभा होता? दुहेरीचा खेळाडू.

एकेरीत पैसा वाढत गेला तसतसे मोठे खेळाडू दुहेरीतून अंग काढून घेऊ लागले. शरीर राखायचे तर एकेरीसाठीच राखावे, हा हिशेब उघड होता. दुहेरी राहिली ती त्या कलेत मुरलेल्या, परंतु वर्तमानपत्रांत फारशा न झळकणाऱ्या माणसांकडे. स्पर्धांचे चालक म्हणू लागले, की या मंडळींची हॉटेले, जेवणे, बक्षिसे यांवर खर्च होतो आणि तिकिटे काही त्यांच्या नावावर खपत नाहीत. २००५ साली दौऱ्याच्या कारभाऱ्यांनी नवे धोरण जाहीर केले. दुहेरीचे सेट आखूड करायचे, आणि २००८ पासून दुहेरीत प्रवेश मुख्यतः त्यांनाच द्यायचा जे त्या स्पर्धेत एकेरी खेळत असतील. म्हणजे दुहेरीवरच पोट भरणाऱ्याने चंबूगबाळे आवरावे.

यावर चाळीसहून अधिक खेळाडूंनी अमेरिकेत ह्यूस्टन येथे दावा गुदरला. त्यांच्या पुढे होते बॉब आणि माइक ब्रायन हे जुळे भाऊ, त्या वर्षीची जगातील अव्वल दुहेरी जोडी. नीट पाहा, हा दावा होता खेळाडूंच्या नावाने चालणाऱ्या संस्थेवरच! पुढच्या वर्षी तडजोड झाली. प्रवेशबंदीचे कलम गेले. सेट सहा गेमचाच राहिला. त्याबदली खेळाडूंनी दोन गोष्टी मान्य केल्या. गेममध्ये ४०-४० अशी बरोबरी झाली, की पूर्वीसारखे सलग दोन गुण मिळेपर्यंत ताणायचे नाही. एकाच गुणावर निकाल, आणि तो कोणत्या बाजूने घ्यायचा हे सर्व्हिस परतविणाऱ्या जोडीने ठरवायचे. तसेच एकेक सेट झाला, की तिसरा सेट न खेळता दहा गुणांचा छोटा डाव खेळायचा, त्यात दोन गुणांची आघाडी हवी. काम राहिले, कामाचे तास कमी झाले. आमच्या भाषेत सांगायचे तर नोकरकपात टळली आणि पाळी आखूड झाली. तडजोड म्हणून ती वाईट नव्हती. मी असतो तर मीही सही केली असती.

बालेवाडीत मी पाहिलेला सामना या नियमांनी खेळला गेला होता. आता या पुण्याच्या स्पर्धेकडे वळतो.

ही स्पर्धा १९९६ साली दिल्लीत सुरू झाली, १९९७ पासून २०१७ पर्यंत चेन्नईत झाली आणि २०१८ साली पुण्यास आली. लिअँडर पेस आणि महेश भूपती यांनी जोडीने मिळविलेले पहिले विजेतेपद १९९७ चे, याच स्पर्धेतले, चेन्नईचे. दोनच वर्षांनी, १९९९ साली, ही जोडी चारही मोठ्या स्पर्धांच्या अंतिम सामन्यांत पोचली आणि त्यांतील फ्रेंच व विम्बल्डन ही दोन तिने जिंकली. एकेरीत आपला देश जगाच्या पहिल्या रांगेत क्वचितच दिसला. दुहेरीत मात्र पुन्हा पुन्हा दिसला. त्याच्या आधी १९९४ साली हिरोशिमाच्या आशियाई स्पर्धांत पेससोबत दुहेरीचे सुवर्णपदक मिळविणारा होता गौरव नाटेकर, आपल्या नंदू नाटेकरांचा मुलगा.

पुण्याच्या स्पर्धेत एकेरीत २८ खेळाडू आणि दुहेरीत १६ जोड्या असत. चार फेऱ्या, पंधरा सामने. विजेत्याला क्रमवारीचे गुण एकेरीत २५० आणि दुहेरीतही प्रत्येकी २५०. गुणांत समानता, पण पैशात नव्हे. दुहेरीची रक्कम एकेरीहून बरीच लहान, आणि ती पुन्हा दोघांत वाटायची.

पहिल्या वर्षी, २०१८ साली, नेदरलँडच्या रॉबिन हासे आणि मात्वे मिडलकूप यांनी पिएर-यूग एर्बेर आणि जिल सिमॉ या फ्रेंच जोडीला हरविले. दोन्ही सेट ७-६ असे सुटले. गंमत अशी, की हा सिमॉ त्याच स्पर्धेत एकेरीचा विजेता होता. २००५ चे धोरण असे गृहीत धरून चालले होते, की एकेरीचा मोठा खेळाडू हाच दुहेरीचाही खरा मालक. पुण्यातल्या पहिल्याच वर्षी एकेरीचा विजेता दुहेरीत हरला. एका सामन्यावरून सिद्धांत मांडू नये हे मला मान्य आहे; पण दुहेरी हा निराळा हुन्नर आहे, एवढे तरी यावरून म्हणता येते.

२०१९ चे मी सांगितलेच. बोपण्णा आणि शरण यांनी त्याच्या आदल्या वर्षी जकार्ताच्या आशियाई स्पर्धांत सुवर्णपदक मिळविले होते. २०२० साली स्वीडनचा आंद्रे योरान्सन आणि इंडोनेशियाचा क्रिस्टोफर रुंगकाट यांनी इस्राएलचा योनाथन एर्लिच आणि बेलारूसचा आंद्रेय वासिलेव्हस्की यांच्यावर ६-२, ३-६, १०-८ अशी मात केली. चार खेळाडू, चार देश. एर्लिच तेव्हा ४२ वर्षांचा होता. २०२१ साली महामारीमुळे स्पर्धा झालीच नाही. त्या काळात आमच्या हमालांची काय दशा होती ती आपण पाहिलेली आहे. मी नव्याने सांगत नाही.

२०२२ साली बोपण्णा पुन्हा जिंकला, या वेळी चेन्नईच्या रामकुमार रामनाथनबरोबर. ऑस्ट्रेलियाच्या ल्यूक सॅव्हिल आणि जॉन-पॅट्रिक स्मिथ यांनी पहिला सेट टायब्रेकरमध्ये घेतला. आपल्या जोडीने दुसरा ६-३ असा घेतला आणि शेवटचा छोटा डाव १०-६ असा जिंकला. बोपण्णाचे वय त्या वेळी ४१. पुढे २०२४ साली, ४३ व्या वर्षी, तो दुहेरीच्या जागतिक क्रमवारीत प्रथमच पहिला आला. इतक्या उशिरा प्रथम तेथे पोचलेला दुसरा कोणी नाही. २००५ चे कलम टिकले असते तर एकेरी सोडलेल्या या माणसाला त्या वयात खेळावयास मैदानच उरले नसते. ब्रायन बंधूंच्या दाव्याचे फळ हे असे वीस वर्षांनी कूर्गच्या माणसाच्या पदरात पडले. लढणारा एक आणि खाणारा दुसरा, हा संघटनेच्या कामाचा धर्मच आहे.

२०२३ साली बेल्जियमच्या सँडर गिले आणि योरान व्ह्लिगेन यांनी श्रीराम बालाजी आणि जीवन नेदुंचेळियन यांना ६-४, ६-४ असे हरविले. ती पुण्यातली शेवटची स्पर्धा. २०२४ पासून तिची जागा हाँगकाँगने घेतली.

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे येतो. या खेळाडूंचा मालक कोण? कायद्याने पाहिले तर कोणीच नाही. प्रत्येक खेळाडू स्वतंत्र कंत्राटदार. या आठवड्यात पुणे, पुढच्या आठवड्यात आणखी कोठे. तिकीट स्वतःचे, शिक्षक स्वतःचा, दुखापत स्वतःची. हमालाची गोष्ट तरी वेगळी काय होती? सकाळी या अडत्याची थप्पी, दुपारी त्या व्यापाऱ्याचा ट्रक. मालक विचारला तर दहा जण, आणि अपघात झाला तर एकही नाही. या पेचातून वाट काढण्यासाठी अण्णासाहेब पाटील आणि त्यांच्यासारख्यांनी झगडून १९६९ चा माथाडी कायदा आणविला. मालक एक नसेल तर नसो. सर्व मालकांनी मिळून मंडळाकडे मजुरी व लेव्ही भरावी आणि मंडळाने हमालाला मजुरी, रजा, भविष्यनिर्वाह निधी द्यावा. अनेक मालकांच्या एका मजुरासाठी इतकी सुबक योजना जगात फार ठिकाणी नाही. टेनिसच्या खेळाडूंना ती अजून सापडलेली नाही. २०२० साली नोव्हाक जोकोविच आणि वासेक पॉस्पिसिल यांनी खेळाडूंची निराळी संघटना काढली आणि २०२५ च्या मार्चमध्ये तिने टेनिसच्या चालकांवर न्यूयॉर्कमध्ये दावा लावला. १९७२ साली जे केले तेच पुन्हा करावे लागले, यातच १९९० च्या गोड व्यवस्थेचा निकाल आला.

कोणी म्हणेल, लक्षाधीश खेळाडू कोठे आणि आमचा पोते उचलणारा कोठे! आक्षेप रास्त आहे. पहिल्या काही जणांची मिळकत आपल्या सबंध तालुक्याला पुरेल अशी असते, त्यांच्यासाठी मी अश्रू ढाळणार नाही. पण माझा विषय श्रीमंती नाही, वाटणी आहे. आणि वाटणीच्या बाबतीत माझ्या हातून झालेली एक चूक सांगितल्याशिवाय हे व्याख्यान पुरे होणार नाही.

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. आपल्या जिल्ह्यातील एका बाजारपेठेत मजुरीचा करार चालू होता. गाव आणि माणसे यांची नावे घेत नाही. उचलणारे हमाल आणि काट्यावरचे मापारी यांना चांगली वाढ मिळत होती. धान्य चाळणाऱ्या, निवडणाऱ्या आणि सांडलेले झाडून घेणाऱ्या बायांचा दर मात्र व्यापारी करारात घालू देईनात. म्हणाले, त्यांचे पुढच्या वर्षी पाहू. टोळ्या थकलेल्या होत्या, हंगाम तोंडावर होता. मी सही केली. त्या रात्री एक म्हातारी बाई मला एवढेच म्हणाली, "भाऊ, पोतं तुम्ही उचलता, पण भरतो आम्ही." माझ्याजवळ उत्तर नव्हते.

पुढचे वर्ष आलेच नाही. दोन हंगामांत तिथे धान्य साफ करण्याचे यंत्र बसले आणि बाया घरी गेल्या. आम्ही हळहळलो, पण कामावर गेलो. मग त्याच यंत्राला पोते भरण्याची सोय जोडली गेली आणि टोळीतली निम्मी माणसे कमी झाली. तेव्हा आम्ही आवारात धरणे धरले. त्या वेळी आमच्या बाजूला उभ्या राहायला त्या बाया नव्हत्या. त्यांना आम्हीच आधी बाहेर काढून ठेवले होते.

यंत्र आले म्हणून मी रडत नाही. यंत्र कोठे ना कोठे येणारच. मी सांगतो ते एवढेच, की ज्याचे काम दिसत नाही त्याला करारातून वगळले, की दिसणाऱ्याचाही पाय लंगडा होतो. १९७३ च्या ८१ खेळाडूंना हे कळले होते. १९९० नंतरच्या कारभाऱ्यांना त्याचा विसर पडला. आणि मला ते पुस्तकातून कळले होते, पण सही करताना आठवले नाही.

पुण्याची स्पर्धा गेली. पण तेथे पेरलेले अगदीच वाया गेले नाही. २०२४ च्या ऑक्टोबरात कझाकस्तानातील अल्माटी येथे पुण्याचा अर्जुन कढे आणि हैदराबादचा ऋत्विक चौधरी बोल्लिपल्ली यांनी अशाच दर्जाच्या स्पर्धेत दुहेरीचे विजेतेपद मिळविले. पहिला सेट हरून, दुसरा टायब्रेकरमध्ये घेऊन, शेवटचा छोटा डाव १४-१२ असा. दुसऱ्या दिवशीच्या मराठी पत्रांत मी ती बातमी शोधली. मला सापडली ती आतल्या पानावर, चार ओळींत.

आमच्या टोळीत संध्याकाळी पैसे वाटतात तेव्हा पाठीवर पोते घेणाऱ्याला आणि त्याच्या पाठीवर ते देणाऱ्याला हिस्सा सारखा मिळतो. हा नियम कोणी लिहिलेला नाही, पण तो मोडलेला मी पाहिलेला नाही. त्या बायांचा हिस्सा त्यात धरायचा राहिला होता. येत्या हंगामाचा करार पुन्हा माझ्याच समोर येणार आहे, आणि ज्या बाजारपेठांत बाया अजून कामावर आहेत तेथे त्यांच्या दराचे कलम या वेळी पहिले असेल, शेवटचे नव्हे. एवढे मी येथे सर्वांसमक्ष बोलून ठेवतो, म्हणजे सही करताना मला त्याचा विसर पडणार नाही.